दारू सुटण्याचा तिसरा दिवस

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. या तीन जिल्ह्यांच्या निमित्तानं विदर्भात इतकी वर्षं एकच वाद चालू आहे : दुकान ठेवायचं की बंद करायचं. बुडणारा महसूल, चोरून येणारी दारू, बायकांचे मोर्चे, आडव्या बाटलीचं (म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूचं) मतदान, सगळ्यावर बोलून झालं. पण रोज पिणारा माणूस एकदम थांबला, दुकान बंद झालं म्हणून किंवा लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली म्हणून, तर पुढच्या तीन-चार दिवसांत त्याच्या मेंदूत काय होतं, यावर ना ग्रामसभेत कोणी बोलत, ना विधानसभेत. माझ्या मते आपलं सगळं अडलं आहे ते इथंच.

मी दारूबंदीच्या विरोधात लिहीत नाही. २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी निघालेल्या बायकांचं म्हणणं खरं होतं. ज्या घरात रोज संध्याकाळी भांडी आपटतात त्या घरातल्या बाईला बंदीचे आर्थिक तोटे समजावून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण बंदीनं बाटली हटते, बाटलीनं बदललेला मेंदू तसाच राहतो. तो पूर्वपदावर आणण्याचा उपचार वैद्यकशास्त्राला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तो महाग नाही आणि त्यासाठी मोठं हॉस्पिटलही दर वेळी लागत नाही. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मिळत नाही, ही सरकारची आणि आपलीही चूक आहे, कारण आपण तो कधी मागितलाच नाही.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या आधारे बोलतात. त्यांतलं गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. म्हणून पहिल्या प्याल्यानंतर अंग सैल पडतं, भीड चेपते, झोप येते. हे रोज होऊ लागलं की मेंदू आपल्या परीनं तोल सांभाळतो : गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा कमी संवेदनशील होते, ग्लुटामेटची जास्त जोमदार होते. उतारावर गाडीला मागून कोणी धरून ठेवलं असेल तर बैल जास्त जोर लावून ओढू लागतात. धरणाऱ्यानं हात एकदम सोडला की गाडी सुसाट सुटते. दारू बंद झाल्यावर मेंदूचं असंच होतं. शांत करणारं बळ कमी झालेलं असतं, चेतवणारं वाढलेलं असतं, आणि मध्ये अडवणारं कोणी उरत नाही.

पहिल्या दिवसापासूनच हात कापायला लागतात. घाम सुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, अगदी मिरगीसारखे, ज्यांना आयुष्यात कधी आले नव्हते त्यांनाही. आणि थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो. ताप येतो, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेलं दिसू लागतं. या अवस्थेवर उपचार झाला नाही तर माणूस मरू शकतो. दारू पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण खूप वर्षं रोज पिणारा ती अचानक सोडूनही मरू शकतो, हे गावात बहुतेकांना ठाऊक नसतं.

गावात याचा अर्थ काय लावला जातो? आशाताईला शेजारीण सांगते, "ताई, शपथ घेतली यायनं, चांगले दोन दिवस राह्यले, अन् आता भिंतीवर मुंग्या दिसून रायल्या म्हणते. डोस्क्यात फरक पडला जी." मग कोणी बाहेरची बाधा म्हणतं, कोणी पुजाऱ्याकडे नेतं. कोणी अनुभवी माणूस सांगतो की थोडी पाजा, उतरेल. आणि खरंच उतरतं, कारण दारूनं ती लक्षणं तात्पुरती दबतात. सगळ्यांना वाटतं याला दारूशिवाय जगताच येत नाही. बायको मनातून हरते, आणि तो माणूस तिच्यापेक्षा जास्त हरतो. पुढची दहा वर्षं "सोडून पाहिली, नाही जमलं" या वाक्यावर निघतात. ज्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणून हिणवलं गेलं, तो प्रत्यक्षात उपचार न झालेला तिसरा दिवस होता.

अजून एक सवय इथं घात करते. अशक्तपणा आला की सलाईन. विदर्भातल्या कुठल्याही बाजारगावात खाजगी दवाखान्याच्या बाकावर सलाईन लावलेली माणसं दिसतील. लोकच मागतात, "डॉक्टरसाहेब, एक बाटली चढवून द्या." आता रोज पिणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुधा कमी असतं. तो नीट जेवत नाही आणि दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही. त्यात भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा धानपट्टा. हातसडीचा तांदूळ मागे पडला, गिरणीच्या पांढऱ्या तांदळात कोंड्याबरोबर थायमिनही निघून जातं. ग्लुकोजपासून ऊर्जा करायला मेंदूला थायमिन लागतं. ते नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं, भ्रम होणं असा गंभीर मेंदूविकार उद्भवू शकतो. त्यातून वाचलेल्या काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. टाळण्याचा उपाय साधा आहे : ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिनचं इंजेक्शन. इतक्या साध्या गोष्टीसाठी कोणाचा मेंदू जावा, हे मला सहन होत नाही.

पुरवठा अचानक तुटला की काय होतं याचे पुरावे दूर शोधायला नकोत. एप्रिल २०२१ च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीमध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली किमान सात माणसं मेली. त्यांच्याबद्दल तेव्हा जे बोललं गेलं ते आठवून अजून वाईट वाटतं. सॅनिटायझर कोणी मजा म्हणून पीत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेपलीकडे तेलंगणात २०१५ साली भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली. त्या शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी गुंगीची औषधं मिसळलेली असत. पुरवठा थांबताच काही जिल्ह्यांत माणसं झटके आणि भ्रम घेऊन सरकारी दवाखान्यांत येऊ लागली. भेसळ थांबवायलाच हवी होती. पण थांबवणाऱ्यांनी दवाखान्यांना आधी तयार ठेवलं नव्हतं.

व्यसनांबाबत २०१९ साली दिल्लीच्या एम्सनं देशभरातल्या पाहणीचा अहवाल दिला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. त्या उरलेल्या ३७ जणांना आपण दारुडे म्हणतो.

खर्‍याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याकडे तर आजार म्हणून कोणी पाहतच नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपूरपासून सिरोंच्यापर्यंत पाहुणचाराचा भाग झाला आहे. पंगतीनंतर, पंचायतीत, शाळेच्या कुंपणाबाहेर. सोयरीक जुळवायला आलेल्यांपुढेही तो ठेवला जातो. त्यातला चुना केवळ चवीसाठी नसतो. चुन्यानं तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो आणि तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. मेंदूत ते अ‍ॅसिटाइलकोलिन या पेशींमधल्या आणखी एका निरोप्या रसायनाच्या जागी जाऊन बसतं, आणि त्यातून डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे "हे पुन्हा कर" असं मेंदूला शिकवणारं रसायन. सततच्या निकोटिननं त्याला धरणाऱ्या जागांची संख्याच वाढते. त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मग माणूस म्हणतो, खर्‍यानं डोकं चालते. खरं तर आधीच्या खर्‍यानं जे बिघडवलं तेच पुढचा खर्रा तासाभरासाठी सावरतो. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्यातलं अरेकोलिन मेंदूवर परिणाम करतं, आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दिलेला आहे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही अशी तरणी पोरं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बायका खर्रा का खातात, हे कोणी त्यांना विचारावं. सकाळी घरचं सगळं करून, अर्धपोटी, त्या बांधीत उतरतात. निकोटिननं भूक मरते, थकवा जाणवत नाही. जेवणाच्या जागी तो पन्नीतला घास असतो. या बाईला "तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे" हे पोस्टर दाखवून काय होणार? महाराष्ट्रानं २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. पण खर्रा टपरीवर हातानं घोटला जातो, त्याला कारखाना लागत नाही. त्यानंतरच्या, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीतही देशात दर पाच प्रौढांमागे एकाहून अधिक जण धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम देऊन तलफ हळूहळू उतरवणं हा जगभर मान्य उपचार आहे. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो २०२२ साली आलाही. यादीतून तो चामोर्शीच्या किंवा सालेकशाच्या केंद्रापर्यंत कधी येणार?

आता माझ्या मुद्द्याचा गाभा. विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांना मेंदूच्या रसायनांवर उपचार करता येत नाहीत असं नाही. ते रोज करतात. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचे एकामागून एक मृत्यू झाले, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष इकडे वळलं. फवारणीतल्या अनेक औषधांत ऑर्गनोफॉस्फेट गटाची रसायनं असतात. अ‍ॅसिटाइलकोलिनचं काम झालं की ते मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं. ही रसायनं त्या विकरालाच बांधून टाकतात. अ‍ॅसिटाइलकोलिन साचत जातं, बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, छातीत पाणी भरल्यासारखं होतं, श्वास थांबतो. उपाय म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात. ते आपल्या आरोग्य केंद्रांत असतं, नर्सला ठाऊक असतं, डॉक्टर हात लावताना कचरत नाही. अशा रुग्णाला तू फवारणीचं संरक्षक किट का नाही घातलं म्हणून उपचाराविना घरी पाठवत नाहीत. मास्क नव्हता, वारं उलटं होतं, मालकानं दोन औषधं एकत्र मिसळायला लावली, हे सगळं नंतर. आधी अ‍ॅट्रोपिन.

एका रसायनाचा तोल ढळला तर इंजेक्शन, आणि दुसऱ्याचा ढळला तर प्रवचन. हा फरक शास्त्रानं केलेला नाही, आपण केला आहे. दारू सोडताना डळमळलेल्या गाबासाठी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही गुंगीची औषधं देतात. सुरुवातीला लक्षणांप्रमाणे पुरेशी, मग आठवडा-दहा दिवसांत कमी करत बंद. सोबत थायमिन, पाणी, जेवण, झोप. ज्याला पूर्वी झटके आले आहेत, ज्याला भ्रम झाला आहे, ज्याचं यकृत खराब आहे, त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. बाकी पुष्कळांचं घरच्यांच्या नजरेखाली आणि डॉक्टरच्या रोजच्या तपासणीत भागतं.

खाण्याच्या बाबतीतही आपल्याकडे हीच तऱ्हा झाली होती, आणि ती गोष्ट पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांना चांगली माहीत आहे. धान कापायच्या आधी त्याच बांधीत ओलीवर लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकायचं. ना नांगर, ना पाणी, तरी शेंगा येतात. गरिबाचं वरण, गरिबाचे वडे. पण लाखोळीत एक विष असतं. ते मेंदूला आणि मज्जारज्जूला ग्लुटामेटसारखं भासतं आणि चेतापेशींना इतकं चेतवतं की त्या मरतात. दुष्काळात दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली तर पाय कायमचे लाकडासारखे ताठ होऊ शकतात. १९६१ साली केंद्राच्या कायद्यानं तिच्या विक्रीवर बंदीची वाट मोकळी झाली. लोकांनी खाणं सोडलं का? नाही, कारण तिच्याजागी दुसरी डाळ कोणी दिली नाही. दुसऱ्या डाळी आणि धान्य ताटात आल्यावर धोका कमी झाला. डाळ भिजवून पाणी फेकलं, उकळून ते पाणीही ओतून दिलं की विष पुष्कळ उतरतं. शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणं काढली. म्हणजे बंदी कागदावर राहिली आणि काम केलं ते पोटाचा विचार करणाऱ्या उपायांनी. दारूच्या प्रश्नावर हे आपल्याला का सुचू नये?

सध्या मोबाईलवर दुसरंच काही फिरतं. केळं खा, सेरोटोनिन वाढेल. अमुक खा, मेंदूचा तोल राहील. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जाऊच शकत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि तिथलंच काम करतं. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः ट्रिप्टोफॅन या अन्नातल्या घटकापासून बनवतो, आणि त्याचं प्रमाण एका फळानं वर-खाली होत नाही. जवसाची चटणी चांगली, अंबाडीची भाजी चांगली, तुरीचं वरण तर रोज हवं. पण ती उदासीवरची औषधं म्हणून विकू नयेत. आपल्याकडे अन्नाचा मेंदूशी खरा संबंध दिसतो तो कमतरतेत. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरांना लोह लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होता, म्हणजे वाढला. रक्त कमी असलेली बाई थकते, चिडते, रात्री तिचे पाय वळवळतात, कशात मन लागत नाही. तिला सासरी आळशी ठरवतात. वर लोहाची गोळी घेतल्या घेतल्या चहा, ज्यानं ते लोह अंगी लागतच नाही. तसंच बी-१२ चं. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. ज्या माळकरी घरात दूध डेअरीला जातं आणि घरात फक्त चहापुरतं उरतं, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला मुंग्या येणं, विसरणं, खिन्न होणं याला वय कारण नसेलही. एक साधी रक्ततपासणी हवी.

मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दलही सरळ बोलायला हवं. उदासी म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे तपासून दाखवलं की इतकं सरळ गणित सिद्ध झालेलं नाही. त्यावरून गोळ्या निरुपयोगी असं म्हणणं मात्र चूक. तीव्र उदासीत त्यांचा अनेकांना उपयोग होतो. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि मनानं एकदम बंद केल्या तर त्रास होतो. या दोन वाक्यांचा सल्ला न मिळाल्यामुळे कितीतरी जण पहिल्या पंधरा दिवसांतच पुडी फेकून देतात. शेवटी कर्ज, बोंडअळी, पडलेला भाव यांवर गोळी नाही. पण कर्जाखाली दबलेल्या माणसाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येत असेल, तर कर्जमाफी होईपर्यंत त्याला जिवंत ठेवणं हे डॉक्टरचं काम आहे. तिथं दारू हा त्याचा स्वतःचा उपचार असतो. प्यायल्यावर दोन तास बरं वाटतं, मग उदासी वाढते, आणि नशेत हात फवारणीच्या डब्याकडे जायला वेळ लागत नाही.

हे सगळं गावात होऊ शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना अमरावती जिल्ह्यातला विश्राम प्रकल्प दाखवावा. ३० गावांत, गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी उदासी ओळखणं, बोलणं, धीर देणं आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवणं असं काम केलं. सुरुवातीला उदासीनं ग्रासलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कसलाही उपचार घेत होते, नंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं शासनासोबत चालवलेल्या मुक्तिपथनं बंदीच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचाराचे दवाखाने उभे केले. म्हणजे रस्ता विदर्भातच पाडलेला आहे. तो प्रत्येक केंद्रापर्यंत नेणं हे सरकारचं काम, संस्थेच्या खांद्यावर ते किती दिवस ठेवायचं?

एक शंका मला महत्त्वाची वाटते. गुंगीच्या गोळ्या केंद्रात आल्या तर त्याचंच व्यसन लागेल. भीती खरी आहे. अल्प्राझोलाम कायद्यानं चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी "झोपेची गोळी" म्हणून ते मिळतं आणि म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं घेतात. पण याचाच अर्थ असा की गोळ्या गावात आधीपासून आहेत, फक्त डॉक्टरच्या हाताबाहेर आहेत. केंद्रात त्या मोजून, दोन-दोन दिवसांच्या, घरच्या माणसाच्या हाती देता येतील. दुसरी अडचण डॉक्टरांच्या रिकाम्या जागांची. ती मोठी आहे आणि तिच्यासाठी भांडावंच लागेल. तोवर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, मानसोपचाराचा सल्ला देणारी टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आहे. हे दोन क्रमांक रेशन दुकानाच्या भिंतीवर आणि कृषी केंद्राच्या दारावर रंगवून घेता येतील.

तिसरी शंका बायकाच घेतात, आणि ती ऐकताना गप्प व्हायला होतं : इतकी वर्षं आमाले मारलं, आता त्यालेच औषध-पाणी? मारणाऱ्याला कायदा लागू झालाच पाहिजे, आजार ही त्याची ढाल होऊ नये. पण त्याचा आजार बरा झाला तर सगळ्यात आधी फरक पडतो तो तिच्या घरात.

धानपट्ट्यातल्या गावांत आजही बायकांचे गट मोहाचा सडवा शोधून ओततात, हातभट्ट्या मोडतात. मोहफुलं वेचायची, वाळवायची, त्याचे लाडू करायचे, हे सगळं त्याच करतात. त्यामुळे कोणत्या घरात किती फुलं आली आणि त्यांचं काय झालं हे त्यांना बरोबर कळतं. गावात रोज सकाळपासून पिणारे कोण, कोणाचे हात कापतात, कोणाला मागे झटके आले होते, हेही त्यांनाच माहीत असतं. यांनी भट्टी मोडायला जाण्याच्या दोन दिवस आधी आरोग्य केंद्राला निरोप द्यावा, आणि केंद्रानं त्या आठवड्यासाठी डायझेपाम आणि थायमिन मोजून ठेवावं. आशाताईंनी तिसऱ्या दिवशी त्या घरांत जाऊन यावं. पोलिसांच्या बंदोबस्ताचं पत्र निघतं तेव्हाच हेही पत्र निघावं, असा ठराव येत्या ग्रामसभेत घेता येतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.